सोळा वर्षे आणि एक जामीन

गोंदियाहून नागपूरकडे निघालेली गाडी तिरोडा, तुमसर रोड, भंडारा रोड ही स्टेशने मागे टाकून कन्हानच्या पुलावर आली, की डब्यातली काही माणसे हात जोडतात. एखादी म्हातारी खिडकीच्या गजातून नदीत नाणे टाकते. गुरुवार असेल, तर मांडीवर चादरीची आणि फुलांची पुडी घेऊन बसलेले एखादे कुटुंब डब्यात हमखास दिसते. अशा कुटुंबात पुष्कळदा एक माणूस असा असतो, की ज्याचे लक्ष बाहेरच्या नदीकडेही नसते आणि आतल्या गर्दीकडेही नसते. त्याच्या एका अंगाला आई बसलेली असते, दुसऱ्या अंगाला भाऊ. दोघांच्या मध्ये तो असा बसवलेला असतो, की त्याला उठून दाराकडे जाता येऊ नये. ही माणसे नागपूरला ताजबागला चाललेली असतात. पूल संपताच लागणारे कामठी हे त्यांच्या बाबांचे जन्मगाव.

गेली कित्येक वर्षे मी हे दृश्य पाहत आलो आहे. त्यातली एक गोष्ट मात्र माझ्या फार उशिरा ध्यानात आली. मनाने दुखावलेल्या आपल्या माणसाला घेऊन हे लोक ज्यांच्या दाराशी जातात, त्या हजरत ताजुद्दीन बाबांनी स्वतःच्या आयुष्याची सोळा वर्षे नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात काढली होती. स्वखुशीने नव्हे. सरकारी हुकमाने.

बाबांचा जन्म २७ जानेवारी १८६१ चा. कामठी ही तेव्हा इंग्रजांची छावणी होती. कन्हानच्या काठी ती १८२१ मध्ये वसवण्यात आली होती. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले होते, सत्तावनचे बंड होऊन गेले होते आणि मद्रासेकडच्या पलटणी कामठीच्या बराकींत मुक्कामाला होत्या. बाबांचे वडील सय्यद बदरुद्दीन लष्करी पेशातले. मूल लहान असतानाच ते वारले आणि काही वर्षांत आईही गेली. पोरक्या ताजुद्दीनला आजीने आणि मामाने वाढवले. कामठीच्या मदरशात त्याचे शिक्षण झाले. तिथेच अब्दुल्ला शाह नावाच्या सत्पुरुषाची त्याच्यावर नजर पडली आणि मुलगा अंतर्मुख झाला, असे चरित्रकार सांगतात.

पुढची हकीकत तेव्हाच्या कोणत्याही छावणीतल्या घरात घडावी अशीच आहे. कन्हानला पूर आला, घर गेले, चूल पेटायची पंचाईत झाली आणि मामाने भाच्याला पलटणीत भरती करून दिले. शिपाई म्हणून त्यांची रवानगी सागरला झाली. सागरात दाऊद मक्की या सूफी संताची मजार आहे. दिवसभर परेड, पहारा, हुकूम. आणि रात्री काम संपले की त्या मजारीपाशी जाऊन बसणे, असा या तरुण शिपायाचा क्रम सुरू झाला. रात्रीमागून रात्री हे चालले. आजीच्या कानावर ते गेले, तेव्हा पोरगा वाईट नादाला तर लागला नाही ना, या धास्तीने ती बिचारी सागरला धावली. पोरगा काय करतो हे पाहिल्यावर तिला काय वाटले असेल, याची कल्पना आपणच करायची. शेवटी एके दिवशी ताजुद्दीननी नोकरी सोडली. वर्दीही उतरवली आणि वर्दीबरोबर अंगावरची व्यवहाराची सगळी वस्त्रेच जणू गळून पडली.

ते कामठीला परतले ते निराळे होऊन. अंगावरच्या कपड्यांची शुद्ध नाही, खाण्याची नाही. बोलणे तुटक, कुणाला कळले तर कळले. रस्त्यातली पोरे त्यांना दगड मारीत. विदर्भातल्या भाषेत सांगायचे तर माणूस पागल झाला, असे गाव म्हणू लागले. नातेवाइकांनी आपल्या परीने दवाउपचार करून पाहिले आणि मग हात टेकले. छावणीत गोऱ्या मडमा टेनिस खेळत होत्या तिथे ते विवस्त्र जाऊन उभे राहिले आणि त्यावरून बोभाटा झाला, अशी एक कथा सांगितली जाते. निमित्त काहीही असो, ऑगस्ट १८९२ मध्ये मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने त्यांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवण्यात आले. तेव्हा त्यांचे वय एकतीस होते.

हा हुकूम कसा निघत असे, ते थोडे समजून घेतले पाहिजे. त्या वेळी १८५८ चा वेड्यांच्या इस्पितळांचा कायदा लागू होता. रस्त्यावर भटकणारा, स्वतःला किंवा दुसऱ्याला अपाय करील असे वाटणारा इसम पोलिसांनी धरून मॅजिस्ट्रेटपुढे उभा करायचा. मॅजिस्ट्रेटने एका डॉक्टराच्या मदतीने त्याची तपासणी करायची. डॉक्टराने दाखला द्यायचा आणि मॅजिस्ट्रेटने सही करायची. बरोबर एक तक्ता जात असे. नाव, वय, धर्म, धंदा आणि वेडाचे कारण, असे त्यात रकाने. हा कारणाचा रकाना कसा भरला जाई, याची मोठी बोलकी साक्ष योगायोगाने त्याच काळातली आहे. गांजा-भांगेच्या चौकशीसाठी १८९३ मध्ये सरकारने नेमलेल्या आयोगाने देशभरच्या इस्पितळांतील १८९२ सालच्या भरतीचे कागद तपासले. गांजामुळे वेड लागले असे ज्यांच्या नावापुढे लिहिले होते, त्यांच्या घरी, गावी चौकशी केली. बऱ्याच ठिकाणी असे आढळले, की त्या नोंदीला काही आधारच नव्हता. पोलिसाने किंवा कारकुनाने रकाना रिकामा राहू नये म्हणून गांजा असे लिहून टाकले होते. मी आयुष्यभर बँकेत छापील अर्ज भरून घेण्याचे काम केले. रिकामा रकाना पाहिला की कारकुनाचा हात कसा शिवशिवतो, हे मला चांगले ठाऊक आहे. ताजुद्दीन नावाच्या एकतीस वर्षांच्या माजी शिपायाला जे झाले होते, त्यासाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता.

वास्तविक आपल्या मुलखाजवळ त्यासाठी शब्द होते. आठशे वर्षांपूर्वी ऋद्धिपूरला गोविंदप्रभू होऊन गेले. चक्रधरस्वामींचे हे गुरू गावात कुणाच्याही घरात शिरत, हाताला येईल ते खात, मुलांत खेळत, मध्येच हसत, मध्येच रागावत. गाव त्यांना वेडे म्हणे आणि त्याच तोंडाने आई-बापही म्हणे. म्हाइंभटांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात हा वेडेपणा जराही झाकलेला नाही. शेगावला गजानन महाराज प्रकटले ते १८७८ मध्ये, म्हणजे ताजुद्दीन कामठीत मोठे होत होते तेव्हा. उष्ट्या पत्रावळीवरची शिते वेचणारा हा दिगंबर माणूस पिसाच आहे, असे वाटलेले लोक तेव्हाही होते. बालोन्मत्तपिशाचवृत्ती हा शब्द आपल्या शास्त्रीबुवांपासून कीर्तनकारांपर्यंत सगळ्यांच्या ओळखीचा. मूल, वेडा आणि पिशाच या तिघांसारखा वागणारा माणूस त्या तिघांपैकी एकही नसू शकतो, एवढी जागा या शब्दाने करून ठेवली होती. सूफींच्या भाषेत अशा माणसाला मजजूब म्हणतात. ईश्वराकडे ओढला गेलेला, ओढला जाताना व्यवहाराचे भान हरपलेला. गावाला हे शब्द ठाऊक होते, पण गावाला नेहमी धीर असतोच असे नाही. दगड मारणारी पोरेही याच गावची होती.

इस्पितळातील सोळा वर्षांविषयी भक्तांच्या चरित्रांत पुष्कळ चमत्कार आहेत. बाबा कुलपाआड असत आणि त्याच वेळी शहरात हिंडताना दिसत. मग डॉक्टर आणि पहारेकरीच त्यांचे भक्त झाले, वगैरे. श्रद्धेचा हा भाग मी श्रद्धावानांकडेच ठेवतो. मला थक्क करते ती चमत्कारांहून साधी गोष्ट. लोक वेड्यांच्या इस्पितळाकडे बरे व्हायला येऊ लागले. जिथे आपला माणूस नेऊन सोडायचा आणि मागे वळून पाहायचे नाही, अशा जागी लोक आपली दुखणी, आपली मुले, आपली काळजी घेऊन यायला लागले आणि तीही आत कोंडलेल्या एका माणसासाठी. त्या वर्षांत मध्य प्रांताने १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ पाहिले. पटकी, हिवताप आणि पुढे प्लेग हे तर घरोघरचे पाहुणे. औषधाची बाटली तालुक्याच्या गावीही दुर्मिळ. अशा वेळी ज्याचे स्वतःचे सगळे गेलेले आहे त्याच्यापाशी माणसे का येतात, याचे उत्तर पुस्तकात शोधावे लागत नाही. नागपूरच्या मनोरुग्णालयाच्या आवारातील बाबांच्या स्थानाला भाविकांनी पुढे पागलखाना शरीफ असे नाव दिले. कलंकाच्या शब्दाला शरीफ जोडून त्याचा कलंकच काढून टाकण्याची ही लोकांची हातोटी मला फार मोठी वाटते.

आणि मग १९०८ मध्ये एका माणसाने सही केली. नागपूरच्या भोसले घराण्याचे राजे रघुजीराव यांनी बाबांना सोडवून आपल्या सक्करदऱ्याच्या वाड्यात आणले. १८५८ च्या कायद्यातच तशी वाट होती. कुणी आप्त किंवा मित्र पुढे आला, या माणसाची नीट देखभाल करीन, त्याच्याकडून स्वतःला वा इतरांना इजा होऊ देणार नाही असे लिहून दिले, तर त्याच्या हवाली करता येत असे. सोळा वर्षांत ती वाट कोणी वापरली नव्हती. जो पुढे आला तो ना नात्याचा होता, ना धर्माचा. राज्य गमावलेल्या एका हिंदू घराण्याचा वारस शुद्ध हरपलेल्या एका मुसलमान फकिराचा जामीन झाला.

जामीन या शब्दाशी माझा तीसेक वर्षांचा संबंध. कर्जाच्या कागदावर ऋणकोच्या खाली जामीनदाराची सही असते. धानाच्या कर्जासाठी आलेल्या शेतकऱ्याबरोबर त्याचा जामीनदार येई, तेव्हा मी त्याच्याकडे नीट पाहत असे. पाऊस पडेल की नाही हे त्याला माहीत नसते. शेजारच्याची नियत पुढच्या वर्षी कशी राहील हेही माहीत नसते. तरीही तो सही करतो. माहीत नसताना दुसऱ्याचा भार अंगावर घेणे, एवढाच जामीनकीचा अर्थ. रघुजीरावांना बाबांच्या अवस्थेचे निदान करता आले होते, असे समजण्याचे कारण नाही. त्यांना ते आवश्यक वाटले नाही. राजवाड्यात त्यांनी बाबांना राहू दिले, हवे तेव्हा जाऊ दिले, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दार मोकळे ठेवले.

तिथून पुढे बाबा वाकीला गेले. सावनेर तालुक्यातले, कन्हानच्याच काठचे हे गाव. गावचे काशीनाथ पाटील त्यांचे भक्त. वाकीच्या रानात बाबांनी काही जागा ठरवून दिल्या होत्या. एका झाडाखालची जागा शिफाखाना, म्हणजे दवाखाना. एक जागा मदरसा, एक मशीद आणि एक चक्क परेडचे मैदान. दवाखान्यात डॉक्टर नव्हता, मदरशात मास्तर नव्हता. दुखणेकरी आला की त्याला शिफाखान्यात जाऊन राहायचे फर्मान होई; शिकणाऱ्या पोराला मदरशाच्या जागी. लोक झाडाखाली मुक्काम करीत, चुली मांडीत, एकमेकांच्या दुखण्याची चौकशी करीत आणि बाबांची फेरी कधी होते याची वाट पाहत. शिपाईगिरी सोडून आलेल्या आणि सरकारी इस्पितळात सोळा वर्षे राहिलेल्या माणसाने रानात स्वतःची परेड आणि स्वतःचे इस्पितळ वसवावे, यातला भाव मला वाकीला गेल्यावर कळल्यासारखा वाटला. या इस्पितळाला भिंत नव्हती, एवढाच फरक. आणि घरच्या माणसाने रोग्याबरोबर राहायचे होते.

वाकीत लोक बरे होत का? होत असत, असे असंख्यांनी सांगून ठेवले आहे. त्याचा उलगडा निरनिराळ्या वाटांनी करता येतो. कित्येक दुखणी काळानेच ओसरतात. अपेक्षेने शरीर सावरते, हे आज औषधशास्त्रही मानते. म्हणून तर नव्या औषधाची परीक्षा साखरेच्या गोळीशी तुलना करून घ्यावी लागते. आणि एक तिसरी गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्किझोफ्रेनिया या कठीण मनोविकाराचा अनेक देशांत अभ्यास सुरू केला. त्यात आपले आग्रा शहर होते. काही वर्षांनी त्याच रोग्यांना पुन्हा भेटून पाहिले, तेव्हा भारत, नायजेरिया अशा गरीब देशांतील रोगी श्रीमंत देशांतल्यापेक्षा बरे सावरलेले आढळले. या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाले, ते अजूनही चालू आहेत. पण रोग्याला घराने धरून ठेवणे, त्याला झेपेल ते काम देणे, त्याच्या दुखण्याला काही अर्थ आहे असे भोवतालच्यांनी मानणे, यांचा त्यात वाटा असावा, हा तर्क काही सोडून देता येत नाही. वाकीच्या झाडाखाली याहून वेगळे काय होते?

इकडे हे घडत होते, तेव्हा पश्चिमेत मनाचे शास्त्र बाळसे धरत होते. विल्यम जेम्स या अमेरिकन विचारवंताचा धार्मिक अनुभवांवरील ग्रंथ १९०२ सालचा. तेव्हा बाबांच्या कोंडवासाला दहा वर्षे झाली होती. संताच्या अनुभवाला मज्जातंतूंचा विकार म्हटले की त्याची किंमत करण्याची जबाबदारी संपली, असे मानणाऱ्या डॉक्टरांना जेम्सने तेव्हाच फटकारले होते. पण त्याचे ऐकले गेले नाही. पुढे १९६९ मध्ये अँथनी सुटिच, अब्राहम मॅस्लो आदी मंडळींनी एक नियतकालिक काढले आणि अहंपलीकडच्या अनुभवांचा अभ्यास करणारी मानसशास्त्राची एक शाखा उभी राहिली. तिला ट्रान्सपर्सनल सायकॉलॉजी म्हणतात. आपण तिला अतिवैयक्तिक म्हणजे व्यक्तीपलीकडचे मानसशास्त्र म्हणू. स्टॅनिस्लाव आणि क्रिस्टिना ग्रोफ या दांपत्याने असे मांडले, की काही माणसांत आंतरिक जागृती इतक्या वेगाने होते, की तिचे रूप थेट वेडासारखे दिसते. अशा वेळी माणसाला सांभाळून नेले, तर तो पूर्वीपेक्षा अधिक निरोगी होऊन बाहेर येऊ शकतो. याच शाखेतल्या केन विल्बरने एक धोक्याची सूचनाही दिली. अहंकार अजून तयारच न झालेले मूल आणि अहंकार ओलांडून गेलेला सिद्ध वरवर सारखे दिसतात. त्यामुळे शास्त्रज्ञ सिद्धाला मूल समजतात आणि भाविक मुलाला सिद्ध. आपल्या बालोन्मत्तपिशाचवृत्तीला तिकडे असा तर्कशास्त्राचा अंगरखा मिळाला. अखेर १९९४ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या रोगनिदानाच्या अधिकृत पुस्तकात धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या असा एक वेगळा प्रकार नोंदला गेला. हा रोग नव्हे, तरीही मदतीची गरज असू शकते, असा त्याचा आशय. ताजुद्दीन बाबांच्या तक्त्यात जो रकाना नव्हता, तो एकशेदोन वर्षांनी दुसऱ्या देशातल्या पुस्तकात छापला गेला.

या दोन जगांना सांधणारा एक दुवा आपल्याच महाराष्ट्रात होता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकणारा मेरवान इराणी हा तरुण १९१३-१४ च्या सुमारास हजरत बाबाजान यांच्या सहवासात आला आणि कित्येक महिने भान हरपून राहिला. घरच्यांनी डॉक्टर केले, उपयोग झाला नाही. या काळानंतर तो ज्यांच्या भेटीला गेला त्यांत शिर्डीचे साईबाबा होते, साकोरीचे उपासनी महाराज होते आणि ताजुद्दीन बाबाही होते. हेच पुढे मेहेरबाबा झाले. त्यांनी १९३६ मध्ये राहुरीला वेड्यांसाठी आश्रम काढला, रोग्यांना स्वतःच्या हाताने आंघोळ घातली आणि पुढची अनेक वर्षे देशभर हिंडून ईश्वरवेड्या मस्तांचा शोध घेतला. विल्यम डंकिन या त्यांच्या इंग्रज डॉक्टर शिष्याने या शोधाची तपशीलवार नोंद १९४८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. साधे वेड आणि ईश्वराचे वेड यांत भेद आहे, तो ओळखावा लागतो, असे मेहेरबाबांचे सांगणे होते. पण आंघोळ घालताना त्यांनी दोघांत भेद केला नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

इथे एक इशारा दिल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. बाबांच्या चरित्रातून कोणी असा अर्थ काढील, की वेड हा रोगच नसतो, दवाखाना ही फसवणूक आहे आणि मजारीवर नेले की काम झाले. असा अर्थ काढणे पाप ठरेल. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे मनोरुग्ण ठेवण्याच्या एका झोपडीवजा ठिकाणी आग लागली. रोग्यांना साखळदंडांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. अठ्ठावीस जीव गेले. तेथील दर्ग्याच्या कीर्तीवर विसंबून घरच्यांनी त्यांना तिथे आणून सोडले होते आणि बहुतेक जण परत गेले होते. एरवाडीत देव कमी पडला असे मी म्हणणार नाही. जामीन कमी पडले.

माझाही या बाबतीतला एक हिशेब बाकी आहे. बरीच वर्षे झाली. धानपट्ट्यातल्या एका खेड्यातील शाखेत मी मॅनेजर होतो. आमचा दप्तरी, अतिशय कामसू माणूस, एकाएकी झोपेनासा झाला. रात्री शाखेच्या ओट्यावर बसून नोटा मोजल्यासारखी बोटे चालवी. एके सकाळी ग्राहकांच्या देखत त्याने गणवेश काढून घडी करून माझ्या टेबलावर ठेवला. मी दोन दिवसांत वरिष्ठ कार्यालयाला रीतसर अहवाल पाठवला. नियमाला धरून होता तो. त्यात मीही एक कारणाचा रकाना भरला होता. पाहिले नव्हते, ऐकले होते, ते लिहून टाकले. घरच्यांनी त्याला आधी एका जाणत्याकडे नेले. त्याने दंडावर डाग दिले. मग ते ताजबागला गेले, अकरा गुरुवार. तिथे भेटलेल्या कोणी एका भल्या गृहस्थाने त्यांना नागपूरच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. गोळ्या सुरू झाल्या, गुरुवारही चालू राहिले. वर्षभराने तो कामावर हजर झाला. पहिला महिनाभर त्याचा थोरला भाऊ आपली शेती सोडून रोज सकाळी त्याच्याबरोबर येई आणि शाखेबाहेरच्या बाकावर संध्याकाळपर्यंत नुसता बसून राही. कशासाठी, असे मी एकदा विचारले, तर त्याला उत्तर देता आले नाही. दप्तरी पुढे नियत वयापर्यंत नोकरी करून निवृत्त झाला. तो कशाने बरा झाला, गोळीने की गुरुवारने, हा वाद आमच्या शाखेत कित्येक दिवस चालला होता. त्या बाकावरच्या माणसाचे नाव कोणीच घेतले नाही, मीही नाही.

आता कायदाही बदलला आहे. १८५८ च्या जागी १९१२ चा आला, मग १९८७ चा, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रोग्याला साखळीने बांधण्यास साफ मनाई केली. समाजात राहण्याचा त्याचा हक्क मान्य झाला. आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमण्याचा अधिकारही त्याला मिळाला. सोळा वर्षांनी रघुजीरावांनी जे केले, त्याला आता कायद्यात पहिल्या दिवसापासून जागा आहे. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा येथे मीरा दातारच्या दर्ग्यात मनोविकारतज्ज्ञ आणि मुजावर एकत्र काम करतात, हा प्रयोगही बोलका आहे. दवा आणि दुआ यांची तिथे सोयरीक झाली आहे. मुजावर रोग्याला आशीर्वाद देतो आणि शेजारच्या खोलीत डॉक्टरकडेही पाठवतो. आपल्याकडच्या देवस्थानांनी आणि दर्ग्यांनी हे मनावर घेतले, तर किती साखळ्या गळून पडतील.

बाबा अखेरच्या वर्षांत वाकीहून पुन्हा सक्करदऱ्याला आले. १७ ऑगस्ट १९२५ रोजी त्यांचे निर्वाण झाले. उमरेड रस्त्यावरच्या ताजबागेत त्यांना दफन करण्यात आले, तेव्हा हिंदू-मुसलमान असा भेद न राहता सारे नागपूर लोटले होते. दरवर्षी २६ मुहर्रमला तिथे उरूस भरतो, २७ जानेवारीला जन्मदिवस होतो. त्यांचे नातू, जे पुढे कलंदर बाबा औलिया म्हणून ओळखले गेले, त्यांनी बरीच वर्षे आजोबांच्या सहवासात काढली होती. फाळणीनंतर ते कराचीला गेले आणि तिथे त्यांनी सूफी साधनेला मनाच्या अभ्यासाची जोड देणारा अजीमिया पंथ स्थापन केला. कन्हानचे पाणी असे दूरवर गेले.

ताजुद्दीन बाबा वेडे होते की सिद्ध, या प्रश्नाचा निकाल लावण्याचा माझा अधिकार नाही. त्यांच्या आयुष्यात हा प्रश्न ज्यांनी फार लवकर सोडवून टाकला, त्यांनी त्यांना दगड मारले किंवा कोंडून ठेवले. ज्याने तो सोडवण्याच्या आधीच सही केली, त्याच्या वाड्यातून मात्र एक आयुष्य पुन्हा सुरू झाले आणि त्या आयुष्याच्या आधाराने इतर हजारो.

कन्हानच्या पुलावरून गाडी जाते तेव्हा आता मी नदीकडे कमी पाहतो. समोरच्या बाकावर, त्या न बोलणाऱ्या माणसाच्या दोन्ही अंगांना बसलेल्या त्याच्या आईकडे आणि भावाकडे पाहतो. त्यांच्यापाशी निदान नसते, बहुधा पैसेही नसतात. संध्याकाळच्या गाडीने ते त्याला घेऊन गोंदियाला परत येतात. पुढच्या गुरुवारी पुन्हा निघतात.